गोचिडीचे पंचांग

जानेवारी २०१६ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात, केर गावाच्या परिसरात, तापाची साथ आली आणि त्याच सुमारास आसपासच्या रानात माकडे मरून पडू लागली. तपासणीत जो रोग निघाला तो महाराष्ट्राला नवा होता. वैद्यकाला मात्र तो एकोणसाठ वर्षांपूर्वीच ठाऊक झाला होता, आणि त्याचा विषाणू जिथे पहिल्यांदा ओळखला गेला ती प्रयोगशाळा महाराष्ट्रातलीच, पुण्यातली. क्यासनूर जंगल रोग, कोकणात आणि गोव्यात ज्याला आता माकडताप म्हणतात, त्याचा इतिहास सहसा शोधाची यशोगाथा म्हणून सांगितला जातो, आणि ती यशोगाथा खोटी नाही. पण तिच्या पोटात एक चूक दडलेली आहे आणि ती अजून सुधारलेली नाही. हा रोग एका विशिष्ट जंगलाचा, मग एका जिल्ह्याचा, मग एका राज्याचा म्हणून नोंदवला गेला. प्रत्यक्षात तो एका विशिष्ट प्रकारच्या जमिनीचा आणि विशिष्ट ऋतूचा रोग आहे. पहिले दशक संपता संपता हे संशोधकांना कळले होते. त्या ज्ञानाचा कारभार झाला तो मात्र नकाशाच्या हिशेबाने. जिथे नकाशा संपला तिथे रोग पुन्हा अनोळखी ठरला.

मुळात तो ओळखला गेला तोही थोडा योगायोगाने. १९५६ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात काही गावांत तापाचे रुग्ण आढळले, पण त्यांची गणना आतड्याच्या तापात, म्हणजे विषमज्वराच्या कुळात झाली. खेड्यातल्या लांबलेल्या तापावर तेव्हा सहज लागणारा तो शिक्का होता. १९५७ च्या मार्चमध्ये सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलात काळतोंडी वानरे आणि टोपी माकडे मरत असल्याची बातमी पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरपर्यंत पोचली, तेव्हा मामला बदलला. हे केंद्र १९५२ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून उभारले होते. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. त्याचे संचालक टेलफर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी हॅरल्ड ट्रॅपिडो यांना माकडांच्या मृत्यूतून एकच गोष्ट सुचत होती: पीतज्वर. दक्षिण अमेरिकेत जंगलातली माकडे मरू लागली की पीतज्वर आला असे समजत. भारतात तो कधी आला नव्हता, पण तो पसरवणारा डास इथे मुबलक होता. पीतज्वर इथे शिरला असता तर काय झाले असते, या विचाराने दिल्लीपर्यंत धास्ती पसरली असल्यास नवल नाही. वर्क-ट्रॅपिडो तातडीने निघाले ते या भीतीपोटी. गावकऱ्यांचा ताप वर्षभर तिथेच होता; त्याला वजन आले ते माकडांमुळे आणि एका परदेशी रोगाच्या सावलीमुळे.

मेलेल्या माकडांच्या आणि आजारी माणसांच्या नमुन्यांतून उंदरांच्या पिलांमध्ये विषाणू वाढवण्यात आला. तो पीतज्वराचा निघाला नाही. तो निघाला सायबेरियाच्या जंगलात गोचिडीमुळे होणाऱ्या रशियन वसंत-ग्रीष्म मेंदूज्वराच्या विषाणूचा नातलग. डासाच्या शोधात गेलेल्यांच्या हाती गोचीड लागली: हिमॅफायसॅलिस स्पिनिजेरा, पानगळीच्या पाचोळ्यात वाढणारी. त्या पहिल्या हंगामात साडेचारशेहून अधिक माणसे आजारी पडली. एवढ्या थोड्या काळात रोग, विषाणू आणि वाहक असे तिन्ही हाती लागण्याची उदाहरणे त्या काळात फार नव्हती, आणि पुण्याच्या संस्थेचा लौकिक या एका कामाने झाला. पुढे तिथल्या संशोधकांना या विषाणूची लागण प्रयोगशाळेतच वारंवार झाली. आज त्यावर काम करायला अतिसुरक्षित प्रयोगशाळा लागते. संस्थेची तशी सर्वोच्च सुरक्षिततेची प्रयोगशाळा २०१२ साली पाषाणला सुरू झाली. त्या सुरुवातीच्या काळात ती सोय नव्हती.

सायबेरियाशी नाते दिसताच पुढचा प्रश्न ओघानेच आला: तिथला विषाणू इथे आला कसा? उत्तर आकर्षक होते. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे पक्षी, आणि त्यांच्या अंगावरच्या गोचिडी. जागतिक आरोग्य संघटनेने या प्रश्नासाठी पैसा दिला आणि सालिम अली व बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांच्या पक्षी-कडी अंकनाला बळ मिळाले. नंतर या कामात अमेरिकी लष्कराचा निधी आला. सत्तरच्या दशकात त्यावरून गदारोळ झाला आणि संसदेच्या लोकलेखा समितीने परदेशी सहभागाच्या अशा संशोधनांवर कडक ताशेरे ओढले. भारतीय पक्षीशास्त्राला त्यातून स्थलांतराची मोलाची माहिती मिळाली, हे खरेच. रोगाविषयीची मूळ शंका मात्र सिद्ध झाली नाही. शिवाय तिच्या विरुद्ध जाणारा पुरावा पुण्याच्या संस्थेच्याच कपाटात होता. संस्थेच्या अगदी सुरुवातीच्या रक्तसर्वेक्षणात, म्हणजे क्यासनूरच्या पाच वर्षे आधी, सौराष्ट्रातल्या काही लोकांच्या रक्तात याच कुळातल्या विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडे सापडली होती. १९९० च्या दशकात सौदी अरेबियात अलखुर्मा नावाचा विषाणू मिळाला; तो क्यासनूरच्या विषाणूचा सख्खा म्हणावा इतका जवळचा आहे. तेव्हा १९५७ साली कुणीतरी बाहेरून आले यापेक्षा फार पूर्वीपासून दडून असलेले काहीतरी तेव्हा उघड्यावर आले, हे मानणे अधिक सयुक्तिक. पाहुण्यावर आळ घेणे नेहमी सोपे असते. घरात काय बदलले ते पाहायला अधिक कष्ट पडतात.

ते कष्ट घेतले होर्हे बोशेल या कोलंबियन वैद्याने. जंगली पीतज्वरावर नाव मिळवलेला हा माणूस साठच्या दशकात पुण्याच्या केंद्रासाठी मलनाडात, म्हणजे शिमोग्याच्या डोंगराळ मुलखात, काम करत होता, आणि १९६९ साली त्याने मांडलेला निष्कर्ष आजही या रोगाविषयीचा सगळ्यात महत्त्वाचा मजकूर आहे असे मला वाटते. त्याचे म्हणणे समजायला गोचिडीचे आयुष्य समजावे लागते. तिला तीन वेळा रक्त लागते आणि दर वेळी वेगळ्या प्राण्याचे. अंड्यातून निघालेली सहा पायांची पिल्ले उंदीर, चिचुंद्री, खार, पक्षी किंवा माकड यांच्यावर पोसली जातात. मग कात टाकून ती आठ पायांची, तिळाएवढी होतात. याही अवस्थेत त्यांना लहान प्राणी किंवा माकड चालते, आणि माणसाला चावते ती बहुधा हीच. पूर्ण वाढलेल्या मादीला मात्र मोठे जनावर हवे. पूर्वीच्या घनदाट रानात तिच्यासाठी सांबर, गवा, भेकर होते, पण विरळ विखुरलेले. बोशेलने दाखवले की माणूस जंगलाच्या कडेला घर बांधतो, भात लावतो आणि गुरे रानात सोडतो, तेव्हा मादी गोचिडीला हवे ते अन्न रोज, एकाच वाटेने, शेकड्यांनी चालत येते. गुरांना हा रोग होत नाही आणि गुरांकडून विषाणूही पुढे जात नाही. गुरे फक्त गोचिडींची संख्या वाढवतात. तोडलेल्या रानात घाणेरी माजते, तिच्या जाळ्यांत उंदीर-चिचुंद्र्या नांदतात आणि पिकांच्या आशेने माकडे कडेला येतात. अशा जागी विषाणू असलेले एक माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी जमिनीवर उतरतात आणि ती जागा महिनोन्महिने धोक्याची होते.

यावर रास्त आक्षेप असा की सह्याद्रीत रान तोडणे हे काही स्वातंत्र्यानंतर सुरू झाले नाही. कुमेरी, म्हणजे रान तोडून-जाळून केलेली फिरती शेती, शतकानुशतके चालत होती. इंग्रज अंमलात वनखात्याने ती एकोणिसाव्या शतकातच ठिकठिकाणी बंद पाडली. सुपारीच्या बागांना पानांचे खत पुरवण्यासाठी मलनाडातले बागायतदार रानाच्या कडेची झाडे वर्षानुवर्षे छाटत आले आहेत. मग रोग १९५७ लाच का? एक उत्तर असे की तो आधीही थोडाफार होत असेल आणि इतर तापांत मुरून जात असेल; १९५६ चा अनुभव तेच सांगतो. पण तेवढ्याने भागत नाही, कारण माकडांची मरणे इतकी असती तर ती गावाच्या आठवणीत राहिली असती. मला अधिक पटणारे उत्तर प्रमाणाचे आहे. कुमेरीचा तुकडा दोन-तीन वर्षांनी सोडला जाई आणि त्यावर गुरांचा राबता फार नसे. मलनाडात वस्ती वाढू न देणारी खरी ताकद होती हिवताप. चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून डीडीटी आले, हिवताप ओसरला, आणि ज्या रानात राहायला माणूस धजत नसे तिथे कायमची वस्ती, कायमचे शेत आणि कायमची गुरे आली. एका रोगाने राखलेली सीमा उठली आणि तिच्या जागी दुसऱ्या रोगाला जोगती कड तयार झाली. हा कार्यकारणभाव नेटका सिद्ध करता येणार नाही, हे मान्य. पण काळ, जागा आणि यंत्रणा तिन्ही जुळतात, आणि पक्ष्यांच्या सिद्धान्तात यातले एकही जुळत नव्हते.

याच तर्काची कसोटी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लागली. दक्षिण कन्नड जिल्ह्यात, बेळतंगडी तालुक्यात, जुने रान सपाट करून काजूची लागवड करण्यात आली आणि त्यापाठोपाठ या रोगाच्या इतिहासातला सर्वांत मोठा उद्रेक तिथे झाला. मार्क निख्टर या मानवशास्त्रज्ञाने १९८७ साली त्यावर लिहिताना याला विकासाचा रोग म्हटले. त्याच्या लेखातली एक गोष्ट विशेष आहे: रान तोडल्यामुळे तिथल्या भूतदैवतांचा कोप झाला, असे गावकरी म्हणत होते. आरोग्यखात्याला ही अंधश्रद्धा वाटली असणार. पण नीट पाहिले तर रोगाला कारणीभूत घटना कोणती, हे गावाने अचूक सांगितले होते. कोप कुणाचा, एवढाच मतभेद. अलीकडे, २०२० साली, बेथन पर्स आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी कर्नाटकातल्या रुग्णांच्या जागा नकाशावर मांडून जे दाखवले तेही बोशेलला पुष्टी देणारे आहे: धोका सलग जंगलात जास्त नाही, तो आहे रान, बागा आणि गुरे यांच्या सरमिसळीत.

एवढे कळल्यावर दवाखान्यात काय बदलायला हवे होते? माकडतापाची लक्षणे डॉ. खोर्शेद पावरी यांनी आणि पुण्यातल्या इतरांनी काळजीपूर्वक नोंदवून ठेवली आहेत. चावा लागल्यावर तीन ते आठ दिवसांनी एकाएकी हुडहुडी भरून ताप चढतो, कपाळ ठणकते, कंबर आणि पोटऱ्या पिळवटून निघतात, डोळे लालबुंद होतात. टाळूवर बारीक फोड दिसू शकतात, उलट्या-जुलाब होतात, तापाच्या मानाने नाडी मंद चालते. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घटतात. काहींना नाकातून, हिरड्यांतून किंवा शौचावाटे रक्त जाते. बहुतेक जण दोन आठवड्यांत उठतात, पण काहींना एक-दोन आठवड्यांच्या उसंतीनंतर दुसरा ताप येतो आणि तो मेंदूवर जातो: मान ताठते, हात थरथरतात, भ्रम होतो. शंभरांतले साधारण तीन ते पाच दगावतात. या यादीतले बहुतेक काही डेंग्यू, लेप्टो किंवा चिगरमुळे होणारा स्क्रब टायफस यांतही आढळते. निव्वळ लक्षणांवरून माकडताप ओळखता येत नाही. तो ओळखता येतो लक्षणांबरोबर तीन प्रश्न विचारून: महिना कोणता, रुग्ण कुठल्या रानात जातो, आणि तिथे माकड मेले आहे का. कोकणात लेप्टो आणि डेंग्यू पावसाबरोबर येतात आणि त्याच्या मागोमाग ओसरतात. पौष ते चैत्र या कोरड्या महिन्यांत, काजूच्या बागेत जाणाऱ्या माणसाला असा ताप आला तर संशयाचा क्रम उलटा लागायला हवा.

विषाणू मारणारे औषधच नाही तर ओळखून उपयोग काय, असे कुणी म्हणेल, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात हा प्रश्न गैर नाही. उपयोग आहे, आणि तो चार प्रकारचा. गोचिडीमुळे होणारा भारतीय गोचीड-ज्वर आणि त्याचाच भाऊबंद स्क्रब टायफस डॉक्सीसायक्लीनने हटतात; निदान होईपर्यंत ते देणे शहाणपणाचे, पण माकडताप ठरल्यावर त्यावर विसंबून राहणे धोक्याचे. अंगदुखी इतकी असते की रुग्ण अॅस्पिरिन किंवा तत्सम गोळी मागतो; रक्तस्रावाच्या रोगात तीच गोळी घात करते. ताप उतरला म्हणून घरी गेलेल्या माणसाला दुसऱ्या तापाची सूचना नसेल तर तो उशिरा परत येतो. पाणी, क्षार, रक्त, प्लेटलेट वेळेवर मिळण्यावर जिथे जीव अवलंबून आहे तिथे दोन दिवस ही मोठी गोष्ट. आणि चौथे असे की एक रुग्ण ठरला की त्याच वाटेने जाणाऱ्या शंभरांना सांगता येते. हा रोग माणसाकडून माणसाला सहसा होत नाही, तेव्हा घरच्यांनी घाबरून रुग्णाला दूर लोटण्याचे कारण नाही. गोचिडीच्याच क्रिमियन-काँगो तापाने २०११ साली अहमदाबादजवळ रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांचाही बळी घेतला. तो विषाणू वेगळा आणि गोचीडही वेगळी. दोन्हींची गल्लत झाली तर एकीकडे निष्कारण भीती आणि दुसरीकडे निष्कारण निर्धास्तपणा उरतो.

पूर्वी निदानालाच वेळ लागे, ही सबब एकेकाळी खरी होती. नमुना पुण्याला जायचा, उंदरांत टोचला जायचा, आणि उत्तर येईपर्यंत रुग्ण बरा झालेला असायचा किंवा गेलेला. २०१२ साली पुण्याच्या संस्थेने विषाणूचे जनुकीय अंश शोधणारी चाचणी आणि प्रतिपिंडांची चाचणी तयार केली. त्याच हिवाळ्यात कर्नाटकच्या दक्षिण टोकाला, बंदीपूरच्या रानात, मेलेली माकडे हाताळणारे वनकर्मचारी आजारी पडले आणि रोग निश्चित झाला. मग निलगिरी, वायनाड, मलप्पुरम. २०१५ ला गोव्यातली सत्तरी, २०१६ ला दोडामार्ग, आणि पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यातले बांदा. इतक्या थोड्या वर्षांत सह्याद्रीचा मोठा पट्टा नोंदीत आला. हा रोग खरोखरच पसरला, हा आक्षेप इथे घ्यायला हवा. कदाचित पसरलाही असेल. माकडांचे कळप सरकतात, जंगले तुटतात. पण चाचणी हाताशी आली आणि पाठोपाठ रोग दिसू लागला हा क्रम दुर्लक्षिण्याजोगा नाही. दोन्ही खरे असले तरी माझ्या मुद्द्याला बाध येत नाही. दोडामार्गात गुरे होती, काजू होता, खासगी मालकीची राने होती, ती तोडून रबराच्या आणि अननसाच्या बागा उभ्या राहत होत्या, आणि माकडे वस्तीत उतरत होती. बोशेलचा लेख घेऊन कुणी कोकणात फिरले असते तर त्याने या तालुक्यावर बोट ठेवले असते. गोव्यातल्या काजू-कामगारांना कामाच्या जागीच या रोगाची लागण होते हे २०१७ साली अभ्यासाने नोंदवले. ती बेळतंगडीची पस्तीस वर्षांनंतरची पुनरुक्ती होती.

लसीची कहाणी याच चुकीची दुसरी बाजू. पहिला प्रयत्न रशियन रोगावरची लस वापरून पाहण्याचा होता आणि तो फसला. नातलग म्हणजे तोच नव्हे. १९६० च्या दशकात पुण्यात कोंबडीच्या भ्रूणपेशींवर वाढवलेल्या मारलेल्या विषाणूची लस तयार झाली. १९९० ते १९९२ च्या चाचणीत दोन मात्रांनी ९३ टक्क्यांहून अधिक संरक्षण मिळाल्याचे दिसले आणि कर्नाटकाने ती वापरात आणली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रत्यक्ष वापराच्या अभ्यासात मात्र दोन मात्रांचा परिणाम ६२ टक्क्यांच्या आसपास उतरला. एक महिन्याच्या अंतराने दोन टोचण्या, मग वर्धक मात्रा, पुन्हा दरवर्षी, आणि टोचणी दुखरी. रानात पोटासाठी जाणारा माणूस इतके हेलपाटे घालत नाही. पण मला अधिक खटकतो तो ती कुणाला द्यायची याचा तेव्हाचा नियम. जिथे रुग्ण किंवा माकडाचा मृत्यू नोंदला गेला त्याभोवतालच्या पाच किलोमीटरमधल्या गावांना लस मिळे. हा नियम मागच्या हंगामाकडे पाहत होता. नव्या गावाला तो पहिला बळी गेल्याशिवाय लागूच होत नसे. २०१८-१९ च्या हंगामात खुद्द शिमोग्यात, सागर तालुक्यातल्या अरळगोडूत, मोठा उद्रेक झाला. २०२२ मध्ये लसीची मात्रा पुरेशी ताकदीची नसल्यामुळे तिचा वापरच थांबवावा लागला. नव्या लसीवर काम चालू आहे आणि ती यावी. मात्र ती आली तरी कुठल्या गावांना द्यायची हा प्रश्न तसाच राहील, आणि त्याचे उत्तर रुग्णांच्या यादीत नसून जमिनीच्या वापरात आहे.

वेळापत्रकाचेही तेच. माकड मेल्यावर भोवतालच्या पाचोळ्यावर कीटकनाशक मारणे, रानात जाणाऱ्यांना अंगाला लावायचे, गोचिडींना दूर ठेवणारे डेपा तेल वाटणे, फलक लावणे, हे सगळे डिसेंबर-जानेवारीपासून सुरू होते, कारण तापाचे रुग्ण तेव्हा येऊ लागतात. तोवर तिळाएवढ्या गोचिडींची पिढी पाचोळ्यात तयार होऊन बसलेली असते. त्यांच्या आया गुरांच्या अंगावर असतात त्या जुलै-ऑगस्टमध्ये, भर पावसात. मग त्या जमिनीवर उतरून अंडी घालतात आणि दिवाळीच्या आगेमागे पिल्ले गवताच्या टोकांवर चढतात. गुरांवरची गोचीड मारण्याची खरी वेळ म्हणूनच आषाढ-श्रावण, जेव्हा कुठल्याही आरोग्य केंद्रात माकडतापाचा एकही रुग्ण नसतो आणि आरोग्य कर्मचारी लेप्टोच्या गोळ्या वाटत शेतांतून हिंडत असतात. गुरे पशुसंवर्धन खात्याकडे, माकडे वनखात्याकडे, माणसे आरोग्यखात्याकडे, आणि काजूची लागवड कृषी खात्याकडे.